तारांची कुरकुर

सोमवार, ३ फेब्रुवारी

ड्रम सेट एकदाचा तळघरात उतरला. जिना अरुंद, त्यामुळे बेस ड्रम आडवा धरून न्यावा लागला, आणि धरणारे कोण, तर भाऊजी. साठी उलटलेल्या माणसाने हे करू नये, पण ऐकतील तर ते भाऊजी कसले. खाली पोचल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मेव्हणीबाई, एवढं मोठं पातेलं कशाला लागतं तुला? तुझा स्वयंपाक तर एका माणसाचा."

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवलं. हॉटेलं, लग्नं, सभागृहं. पोचलं की सेट मांडायचा, संपलं की भरायचा, पहाटेची बस. गुडघ्याने जाब विचारायला सुरुवात केली तेव्हा ठरवलं, आता लोकांनी माझ्याकडे यायचं. स्वतःची रेकॉर्डिंगची खोली. भागीदार कानसेन. त्याचं खरं नाव आता त्याची आईसुद्धा वापरत नसेल. गाणारे ढीगभर मिळतात, ऐकणारा मिळत नाही, असं म्हणून आमच्या बँडमधल्या म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्याने त्याला हे नाव चिकटवलं. मशीन आणि माइक त्याचे, ड्रम आणि ओळखी माझ्या, तळघर भाऊजींचं.

इमारत भाऊजींच्या वडिलांनी बांधलेली. तळमजल्यावर चष्म्याचं दुकान, वर ताई आणि भाऊजी, त्याच्यावरचा मजला कुलूपबंद. मी दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत राहते. शेजारचं बंद पडलेलं थिएटर पाडून तिथे खड्डा खणतायत. दोन मजली पार्किंग जमिनीखाली जाणार म्हणे, म्हणजे आमच्या तळघराच्याही बरंच खाली. दिवसभर मशीन घरघरत असतं. कानसेनने तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, खणणं काही जन्मभर चालत नाही.

ही वही मी माझ्यासाठी लिहिणार आहे. नवीन काम सुरू केलं की माणूस सगळ्यांशी जोरात बोलतो, आणि खरं कुणाशीच बोलत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सेटचा आवाज भिकार येतोय. टॉम, म्हणजे सेटमधले लहान-मोठे दोन ड्रम, पुठ्ठ्याचे, बेस ड्रम म्हणजे गादीवर पडलेलं पोतं. कानसेन म्हणाला, "बॉस, खोलीचा दोष नंतर बघू. आधी पानं बदल."

बदलली. नवीन पान, म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणायचा पडदा, बसवून तळव्याने मधोमध दाबलं. कडकड करतं, घाबरायचं नाही. मग चावीने स्क्रू आवळायचे, पाव पाव फेरा. आधी एक, मग त्याच्या बरोबर समोरचा. शेजारशेजारचे आवळत गेलं की पान एका अंगाला ओढलं जातं आणि ड्रम तोंड वाकडं करून बोलतो. प्रत्येक स्क्रूपाशी बोटाने टिचकी मारून ऐकायचं. सगळीकडे एकच सूर लागला की समजायचं पान सरळ बसलं. दुपारपर्यंत दोन्ही टॉम गायला लागले.

उरला स्नेअर. लहान टॉम वाजवला की स्नेअरच्या तारा आपोआप कुरकुरतात. ताई चहा घेऊन आली होती, तिने विचारलं, "हा न वाजवता का वाजतो?" तिला ड्रम उलटा करून दाखवला. खालच्या पानाला पोलादी तारांची पट्टी टेकलेली असते, तिच्यामुळे त्याचा तो कडक आवाज येतो. पण खोलीत दुसरं काहीही हललं की आधी त्या तारा हलतात.

"म्हणजे लेकी बोले सुने लागे," ताई म्हणाली.

याच्याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं. टॉमचा सूर थोडा चढवला, कुरकुर निम्मी झाली. उरलेली निम्मी काही जात नाही.

चोवीस तारखेला एक गायिका येणार आहे. तिच्या स्वतःच्या गाण्यांचा पहिला संच. तिची अट एकच, ड्रम खरे हवेत आणि स्वच्छ हवेत. हे काम नीट झालं तर तिच्यामागून दहा येतील. नाही झालं तर मी परत पहाटेच्या बसमध्ये.

शनिवार, ८ फेब्रुवारी

चष्मेवाले खाली आले. सभ्य माणूस, आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले, "रागावू नका, पण तुमच्या वाजवण्याने माझ्या काचेच्या फळ्या थरथरतात. आज दोन फ्रेमा खाली आल्या."

मी माफी मागितली. बेस ड्रममध्ये आणखी एक उशी कोंबली.

वर जेवायला गेले तर भाऊजी झोपायच्या खोलीचं दार रंध्याने तासत बसलेले. दार चौकटीत अडकायला लागलंय. भुशाने लेंगा पांढरा झालेला. "हे बघ, तुझ्या ढोलाने लाकूड फुगलं."

"ढोलाने लाकूड फुगत नाही, भाऊजी."

"मग कशाने फुगलं? पाऊस आहे का बाहेर?"

ताई हसली. मीही हसले. आता घरात काहीही झालं की बिल माझ्या नावावर फाटणार. दूध नासलं तरी ढोल. पण खरं सांगायचं तर जरा लागलं. फुकट जागा देणाऱ्याच्या घराला आपला त्रास होतोय, हे बरं नाही. कानसेनला म्हटलं, भिंतींना लोकरीच्या गाद्या लावू. आवाज आतल्या आत राहील, आणि खोलीही सुधारेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बेस ड्रम सरकतो. हे सगळ्याच ड्रमवाल्यांचं दुखणं आहे, पाय मारला की तो पुढे पळतो. त्यासाठी खाली सतरंजी घालायची, समोर वीट ठेवायची. मी दोन्ही केलं. पण हा पुढे न जाता डावीकडे जातो. खड्ड्याकडच्या भिंतीकडे. विटेला बगल देऊन.

कानसेनने टेबलावर पेन्सिल ठेवली. ती सावकाश घरंगळत त्याच बाजूला गेली आणि खाली पडली. त्याने उचलून परत ठेवली. परत तेच.

"मागच्या आठवड्यात टेबल सरळ होतं," तो म्हणाला.

"मागच्या आठवड्यात तू पेन्सिल ठेवली होतीस का?"

"नाही."

"मग? जुन्या तळघराला उतार असतोच. धुतलेलं पाणी जायला."

त्याने टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठा सारला. मी डाव्या बाजूलाही वीट लावली. आता सेट कसा गुमान बसलाय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

लोकरीच्या गाद्या आल्या. तीन भिंती झाल्या. चौथी, खड्ड्याकडची, राहिलीय, कारण तिच्यावर भेग आहे. वरच्या कोपऱ्यातून निघून पायऱ्या पायऱ्यांनी खाली येते. आम्ही आलो तेव्हा ती होती का? मला आठवत नाही. कानसेन म्हणतो नव्हती. कानसेन कानाचा पक्का आहे, डोळ्यांचं मला माहीत नाही. त्याने भेगेपाशी हात धरला. "गार हवा येतेय, बॉस."

"पलीकडे खड्डा आहे. हवा येणारच."

"कुणाला तरी दाखवू या. भाऊजींना तरी."

मी जरा विचार केला. भाऊजी काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. दार ढोलाने, फ्रेमा ढोलाने, आता भिंतही ढोलाने. चष्मेवाले आहेतच री ओढायला. दहा दिवसांवर काम आलंय. भाऊजी मनाने कितीही मोठे असले तरी, थोडे दिवस बंद ठेव, असं म्हणाले तर मी तोंडावर नाही कशी म्हणणार?

भेगेत लांबी भरली, वरून गादी लावली. चोवीस तारीख होऊ दे, मग स्वतःच सांगेन.

गादी लावल्यावर मात्र खोली बदलली. टाळी वाजवली तर टाळी तिथेच संपते. मोठा टॉम काय बोलतो आता! कानसेनसुद्धा खूश. तरीही जाताना म्हणाला, "आपण ती झाकायला नको होती."

रविवार, १६ फेब्रुवारी

आज मुद्दाम गेले. रविवारी खड्ड्यातलं मशीन बंद असतं, म्हणजे स्नेअर निवांत लावता येईल. तारांच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे सैल सोडले, खालचं पान जरा चढं ठेवलं. कुरकुर गेली. काठी खाली ठेवली, पाणी प्यायले, आणि तेव्हा तारा बोलल्या.

मी काही वाजवलं नव्हतं. रस्त्यावरून जड गाडी गेली असेल म्हणून थांबले. शांत. मग पुन्हा. लांबवर कुणी वाळू चाळतंय तसा आवाज. स्नेअरवर हात ठेवला तर गप्प, हात काढला की सुरू. मशीन बंद, दुकान बंद, वर ताई-भाऊजी दुपारचे झोपलेले.

वर जाऊन ताईला उठवलं नाही. ती आपणहून उठल्यावर सहज विचारलं, "तुला कधी काही हलल्यासारखं वाटतं का?"

"कपाटातल्या कपबश्या वाजतात मधूनमधून," ती म्हणाली. "मला वाटायचं तू वाजवतेयस."

"कधी?"

"सकाळी. संध्याकाळी. शुक्रवारीही वाजत होत्या."

शुक्रवारी मी आलेच नव्हते. हे तिला सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मला इथेही लिहिता येत नाहीये.

गुरुवार, २० फेब्रुवारी

तरीही राहवलं नाही. आज भाऊजींना म्हटलं, खड्ड्याचं एकदा विचारा. त्यांनी बूट घातले आणि सरळ पलीकडे गेले. तासाभराने परत आले ते चहा पिऊन. तिथला सुपरवायझर मोठा अदबशीर आहे म्हणे. खुर्ची दिली, नकाशा दाखवला. "तुमच्या बाजूला लोखंडी आधार देतोय, काका, काळजी करू नका."

"दिलाय की देतोय?" मी विचारलं.

"तेच गं ते."

"भाऊजी, तेच नाहीये."

"तू तुझे स्क्रू बघ," भाऊजी म्हणाले. रागाने नाही. पण विषय संपला.

भिंतीवरची गादी मधोमध फुगलीय. ओल धरली असेल. लहान टॉम रोज उतरतो, रोज लावावा लागतो. नवी पानं सुरुवातीला ताणतातच. मला आता कशालाही कारण देता येतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

गायिका वेळेवर आली. ठेंगणी, शांत बाई. सेटवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाली, "छान लावलाय." एवढ्यावरच माझा दिवस झाला होता. पहिलं गाणं अगदी हळू सुरू होणारं. ती डोळे मिटून उभी, मी काठ्या वर धरलेल्या, कानसेन रेकॉर्डिंगच्या मशीनपाशी, मधल्या काचेच्या पलीकडे. त्याने बोट वर केलं, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू.

आणि तारा बोलायला लागल्या. नेहमीसारखं हलकं नाही. थांबेचनात. गायिकेने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले. मग काचेपलीकडे कानसेनने हेडफोन एकदम ओरबाडून काढले. त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"भिंत," तो आत येऊन म्हणाला. "माइकमध्ये भिंतीचा आवाज येतोय. फाटतेय ती."

तेवढ्यात गादी खिळ्यांसकट खाली आली. मी भरलेली लांबी जमिनीवर पडली होती आणि भेगेत माझा अख्खा हात गेला असता.

गायिकेला कानसेनने बाहेर नेलं. मी जिना कसा चढले ते गुडघ्यालाच ठाऊक. दुकानात ओरडले, बाहेर व्हा. चष्मेवाले एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होते, तसेच दोघे बाहेर. वर ताई भाजी निवडत होती. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताट बाजूला ठेवून उठली. भाऊजी मात्र खुर्चीतून हलेनात.

"तुझ्या ढोलाचं ऐकून मी घर सोडू?"

"सोडा," मी म्हटलं. "शिव्या रस्त्यावर द्या, पण खाली चला."

ताई दारातून म्हणाली, "तुम्ही येत नसाल तर मीही इथेच बसते." तेव्हा उठले. पायात चप्पलही न घालता.

रस्त्यावर आम्ही सगळे उभे. समोर इमारत उभी. एक तास, दोन तास. काही झालं नाही. माणसं जमली, बघून बघून कंटाळली, पांगली. संध्याकाळी नगरपालिकेचा माणूस आला, रस्त्यावरून फोटो काढला, तळघरात अर्ध्या जिन्यापर्यंत उतरून बॅटरी मारली. "प्लास्टरची असावी. तज्ज्ञ येऊन बघतील. दोन-तीन दिवस झोपायला थांबू नका."

गायिकेने कानसेनला सांगितलं, तिने दुसरीकडे वेळ घेतलीय. चांगल्या शब्दांत सांगितलं.

ताई-भाऊजी माझ्या खोलीत आहेत. भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडलेत.

बुधवार, २६ फेब्रुवारी

तज्ज्ञ आले नाहीत. फोन केला तर साहेब बाहेर आहेत. चष्मेवाल्यांनी काल दुकान उघडलं. गिऱ्हाइकं विचारतात, घर पडणार होतं ते हेच का, आणि हसतात.

माझी खोली तीन माणसांची नाही. भाऊजींना इथला नळ आवडत नाही, खिडकी आवडत नाही, शेजाऱ्याचा रेडिओ आवडत नाही. तक्रार करत नाहीत, हेच वाईट. सकाळी कोपऱ्यावर एक ओळखीचे भेटले, त्यांनी विचारलं, "काय, बायकांनी घराबाहेर काढलं म्हणे?" भाऊजी हसले आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

ताई मला म्हणाली, "तू केलंस ते बरोबर केलंस." मग थोड्या वेळाने, "केलंस ना?"

मी काय सांगू? सोमवारी मला जेवढी खात्री होती तेवढी आज नाही. घर तर उभं आहे. भेगा काय, अर्ध्या गावाच्या घरांना असतात. आणि ड्रमचं काय घेऊन बसायचं, त्याला शिंकसुद्धा ऐकू येते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज भाऊजी म्हणाले, "चल, एकदा बघून येऊ. दोघंच." कानसेनला बरोबर घ्यावं असं वाटलं, पण त्याने परत फाटतेय-फाटतेय सुरू केलं असतं.

गेलो तर काय, सगळा नूर पालटलेला. खड्ड्याच्या आमच्या बाजूला मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, त्या उचलून पलीकडच्या टोकाला नेल्यात. मशीनही तिकडे नेलंय. दोरीवर वाळत घातलेले कपडे नाहीत, पोरं नाहीत, एक कुत्रं असायचं तेही नाही. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही चहा प्यायलात त्याचा उपयोग झाला बघा."

"माणसं वाईट नसतात गं," ते म्हणाले. "नीट सांगितलं की ऐकतात."

तळघरात गेलो. मी स्टुलावर बसले. स्नेअरच्या तारा लावल्या आणि वाट पाहिली. काही नाही. बराच वेळ बसलो, दोघंही न बोलता. तारा गप्प. इतकी शांतता त्या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकली.

लहान टॉम पार उतरलेला. चावी घेतली तर भाऊजी म्हणाले, "आण इकडे, मी बघतो." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ड्रमला हात लावला. मी सांगत गेले, ते फिरवत गेले. पहिले दोन त्यांनी शेजारशेजारचे आवळले. म्हटलं, "समोरासमोर, भाऊजी. एकाला ओढलं की समोरच्यालाही ओढायचं." मग नीट जमलं. टिचकी मारून कान लावायचे, डोळे बारीक करून. सगळा सूर एक झाला तेव्हा असे काही खूश झाले की मला हसू आलं. काठी घेऊन दोनदा वाजवलं, मग तिसऱ्यांदा. तो टॉम इतका सुंदर आधी कधी वाजला नव्हता, आणि स्नेअर जागचा हलला नाही.

चावी परत देताना त्यांनी विचारलं, "खरं सांग. जाऊ का वर राहायला? तू म्हणशील ते."

चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला असं विचारलेलं मी पाहिलं नाही. ताईलाही नाही.

मी पुन्हा ऐकलं. काहीच नव्हतं.

"आज शांत आहे, भाऊजी," मी म्हटलं. "जा."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

भाऊजी सकाळीच पुढे गेलेत, खिडक्या उघडून घर मोकळं करायला. अंघोळही तिकडेच करणार, त्यांच्या नळाखाली. जाताना शीळ घालत होते. ताई डबा भरतेय, मग आम्ही दोघी निघू. मी गायिकेला आज परत फोन करणार आहे. तिला म्हणणार, एकदा येऊन नुसतं ऐका. कालच्यासारखा सेट लागला तर ती नाही म्हणायची नाही.

कानसेनचा फोन वाजतोय. दुसऱ्यांदा. आधी हे वाक्य पुरं करते.

बुधवार, १९ मार्च

ताई दोन दिवस झोपली नव्हती, आज झोपलीय. म्हणून लिहायला बसले.

कानसेन चौकातून फोन करत होता. त्याला माझ्या खोलीकडे येताना पत्र्याच्या खोल्या हललेल्या दिसल्या. एका मजुराला त्याने विचारलं, का हलवल्या. तो म्हणाला, तुमच्या बाजूची माती रात्रंदिवस गळतेय, आम्हाला तिथे झोपायची मनाई केलीय. हे सांगायला तो मला फोन करत होता. मी उचलला तेव्हा तो बोलत नव्हता. फोनमध्ये नुसती धूळ पडल्यासारखा आवाज होता, आणि माणसं पळत होती.

इमारत खड्ड्याच्या बाजूला गेली. चष्मेवाल्यांनी कुलूप काढलं नव्हतं, समोरच्या फुटपाथवर होते. त्यांना एक काच लागली, बाकी काही नाही. भाऊजी संध्याकाळी सापडले. न्हाणीघरात होते. मला बघू दिलं नाही. ताईने पाहिलं.

त्यानंतरचे दिवस लिहीत नाही.

भाऊजींच्या चुलतभावांनी घरी येऊन सांगितलं, तळघरात दिवसरात्र ढोल बडवला की दुसरं काय होणार. एकाने तर माझ्याकडे न बघता सांगितलं, म्हणजे मी खोलीत नाहीच असं. तो अदबशीर सुपरवायझर वर्तमानपत्रात हेच बोललाय. मला ते वाचून राग आला नाही. मला वाटलं, असेलही. रोज उठून मी हाच विचार करते. गादी मी लावली. लांबी मी भरली. जा मी म्हटलं.

आज चौकशीचा अधिकारी आला. तरुण आहे, बोलायला नरम. माझ्या खोलीत टेबल नाही म्हणून पलंगावर बसून मांडीवर पॅड घेतलं. ताई आत ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. भांडी धुऊन झाली होती, तरी नळ चालू होता. भाऊजी गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मीठ दे. दार लाव.

"रोज किती वेळ वाजवत होता?" त्याने विचारलं.

मी सांगितलं, चौदा तारखेच्या शुक्रवारी आलेच नव्हते तेही. त्याने लिहिलं.

"मोठ्याने?"

"ड्रम हळू वाजवता येतात, पण तसे नाही. मोठ्याने."

तेही लिहिलं. मग भिंतीबद्दल. भेग कधी पाहिली, ती का झाकली. मी काही लपवलं नाही. तो लिहीत होता आणि मला दिसत होतं, हे सगळं मिळून काय तयार होतंय. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. भाऊजींना मी जा म्हटलं, हेही सांगितलं. तेव्हा आतला नळ बंद झाला.

"बरं," तो म्हणाला. "एवढं पुरे. सही करा."

"पुरे नाही," मी म्हटलं. "पुढचंही लिहा. सत्तावीस तारखेला त्यांच्या मजुरांच्या खोल्या आमच्या बाजूने हलवलेल्या होत्या. मशीन हलवलं होतं. मी आणि भाऊजींनी पाहिलं. आम्हाला वाटलं, आमच्यासाठी हलवलं. त्यांना तिथे झोपायची मनाई कुणी केली, कोणत्या दिवशी केली, ते विचारा. आणि आम्हाला का सांगितलं नाही, ते विचारा."

त्याने पेनाचं टोपण लावलं. "ते आमच्या विषयात येत नाही, बाई. तुमचा जबाब फक्त तळघराबद्दल आहे. मी वर विचारून बघतो."

त्या माणसाचाही दोष नव्हता, त्याला जे विचारायला पाठवलं होतं ते त्याने विचारलं. मी पेन हातात घेतलं.

तेवढ्यात ताई बाहेर आली. हात पदराला पुसले, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बरोबर दाराच्या तोंडाशी ठेवून तिच्यावर बसली. खोलीला एकच दार आहे.

"माझा नवरा गेलाय," ती त्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. "ती सांगतेय ते लिहा. मग माझंही लिहा. त्या चौदा तारखेच्या शुक्रवारी ही आली नव्हती तेव्हा माझ्या कपबश्या वाजत होत्या. तेही लिहा."

"ताई, तुम्ही समजून घ्या, मला आणखी दोन ठिकाणी—"

"मला घाई नाही," ताई म्हणाली.

तो तिच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मी पेन त्याच्यापुढे धरलं. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. त्याने टोपण काढलं, पान उलटलं आणि विचारलं, "खोल्या कुठल्या दिवशी हलवल्या म्हणालात?"